लिज्जत पापड: चवीला साडेचार स्टार, आणि "सगळ्यांना सारखा वाटा" या हिशोबाबद्दल थोडं सविस्तर

आमच्या घरी महिन्याला चार पाकिटं लिज्जत लागतात. दोन उडीद-मिरीची, एक लसणाचं, एक पंजाबी मसाला, आणि पाहुणे यायचे असतील तर अजून एक मुगाचं. हे गेली पंचवीसेक वर्षं असंच चालू आहे, मधे दोन-तीनदा दुसरे ब्रँड आणून बघितले, एकदा एका प्रदर्शनातून महागातले ऑरगॅनिक की कायसे आणले, पण फिरून याच्यावरच आलो. त्यामुळे पापडाबद्दल लिहीनच, पण मला त्याहून जास्त लिहायचंय ते तो पापड ज्या पद्धतीने बनतो त्याबद्दल, कारण मागच्या महिन्यात जेवणाच्या ताटावर आमच्याकडे जो वाद झाला तो अजून माझ्या डोक्यातनं जात नाहीये.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, हुशार पोरगा, वाचतो बिचतो. तो म्हणाला मावशी, सगळ्यांना सगळं सारखं हे ऐकायला गोड वाटतं पण चालत नाही, सारखंच मिळणार असेल तर कोण कशाला मरमर करेल, जगात हे कुठेच टिकलेलं नाही. मी म्हटलं तुझ्या हातात आहे तो पापड बघ, तो ज्यांनी लाटलाय त्या बायका १९५९ पासून नफा सारखा वाटून घेतायत. तो गप्प बसला नाही, त्याने मला दहा प्रश्न विचारले, आणि खरं सांगते त्यातल्या चार प्रश्नांना माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. म्हणून हे नीट बसून लिहितेय.

आधी पापडाचं. उडीद-मिरी हाच यांचा खरा पापड, बाकीचे नंतर. गॅसवर भाजायचा असेल तर आच मध्यम ठेवा आणि चिमट्याने सारखा फिरवत राहा, कडा आधी जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो म्हणून पहिल्यांदा कडाच फिरवून घ्यायच्या, मग मधे यायचं. बारीक बारीक फोड आले आणि पिवळट रंग जाऊन पांढरट झाला की लगेच उतरवायचा, दोन सेकंद उशीर झाला की कडू. तळायचा असेल तर तेल चांगलं तापलेलं पाहिजे, पापडाचे चार तुकडे करून टाका, झाऱ्याने जरा दाबून धरा म्हणजे वळत नाही. मिरी भरडलेली असते, तिचा दाणा दाताखाली येतो, हिंगाचा वास पाकीट उघडल्या उघडल्या येतो. भाजलेला पापड चुरून त्यात कच्चा कांदा, तिखट आणि वरनं तेलाची धार, आणि सोबत मुगाची खिचडी, यापलीकडे मला रात्रीच्या जेवणात काही नको असतं. अर्धा स्टार कापला तो मिठासाठी, पण ते कुठल्याही उडदाच्या पापडाचं असंच असतं, मीठ आणि पापडखार दोन्ही आलं म्हणजे बीपीवाल्यांनी जपूनच. आमच्या सासूबाईंना अर्धाच देतो.

आणि गंमत म्हणजे चव बदलत नाही. मुंबईत घ्या, कोल्हापुरात घ्या, माझी नणंद इंदोरला असते तिच्याकडे खाल्ला तरी तोच. हजारो बायका आपापल्या घरात बसून हाताने लाटतायत, मशीन नाही, आणि तरी चव एक. त्याचं कारण म्हणजे पीठ-मसाला सगळा मध्यवर्ती खरेदी होतो. उडदाची डाळ म्यानमारची, हिंग अफगाणिस्तानचा, मिरी केरळची. दळण त्यांच्या स्वतःच्या गिरण्यांमधे, वाशीला आणि नाशिकला, आणि तिथनं शाखांना जातं. म्हणजे लाटणारी कुठलीही बाई आपल्या मनाने चिमूटभर हिंग जास्त घालू शकत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण समानतेची पहिली किंमत इथेच दिसते, तुमच्या हातचं म्हणून जे वेगळेपण असतं ते इथे सोडून द्यावं लागतं. माझ्या आईच्या पापडात जिरं जास्त असायचं आणि शेजारच्या देशस्थ काकूंच्या पापडात तिखट जास्त असायचं, डोळे मिटून खाल्ला तरी कुणाचा ते कळायचं. वैशाखात अंगणात बायका जमायच्या, उडदाचं पीठ घट्ट मळून तेलाचा हात लावून कुटायच्या, आणि आम्ही पोरं लाट्या पळवायला टपलेलो असायचो, तेलात बुडवलेली कच्ची लाटी ज्याने खाल्लीय त्यालाच ती चव माहिती. ते सगळं त्या पाकिटात नाही, आणि असणं शक्यही नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसले तो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. ८० रुपये उसने घेतलेले, छगनलाल पारेख म्हणून समाजसेवक होते, त्यांना सगळे छगनबापा म्हणायचे, त्यांच्याकडून. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली, तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं कारण पापड वाळायचेच नाहीत, मग पुढच्या वर्षी एक खाट आणली आणि एक शेगडी आणली, पापड खाटेवर आणि शेगडी खाली. हा तपशील मला फार आवडतो, कारण कुठलीही मोठी गोष्ट अशीच खाटेखाली शेगडी सरकवून उभी राहते. १९६२ ला लिज्जत हे नाव ठेवलं, १९६६ ला संस्थेची रीतसर नोंदणी झाली, खादी ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली. आज ४५ हजारांच्या आसपास बायका आहेत, शाखा ऐंशीच्या वर, आणि त्या सातजणींमधल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली. (आणि हो, जाहिरातीतला तो ससा रामदास पाध्यांचा, आमच्या पिढीला टीव्हीवरचा तो ससा दिसला की अजून ती चालच डोक्यात सुरू होते.)

त्या बायकांनी सुरुवातीलाच ज्या गोष्टी ठरवल्या त्या बघा. कुणाकडून देणगी घ्यायची नाही. जी काम करते ती मालकीण, बाहेरचा मालक कुणी नाही. सगळ्या एकमेकींना बहीण म्हणणार. नफा झाला तर सगळ्यांना सारखा आणि तोटा झाला तर तोही सगळ्यांनी मिळून सोसायचा. जात धर्म शिक्षण काही आड येणार नाही, अठरा वर्षं पूर्ण झालेली कुठलीही बाई येऊ शकते. म्हणजे हे नुसतं सहकारी दुकान नाही, छोट्या प्रमाणात समाजच कसा असावा याचा नमुना करून बघितलाय म्हणा ना.

मी लहान असताना आमच्या चाळीत, पूर्व उपनगरात, एक मावशी लिज्जतच्या बहीण होत्या. सख्ख्या नाही, पण आम्ही मावशीच म्हणायचो. त्या पहाटे उठून जायच्या, बहिणींना आणायला-सोडायला छोटी बस असायची. शाखेत मळलेलं पीठ डब्यात भरून घेऊन यायच्या. मग दुपारभर काम. पिठाचा लांब रूळ करायचा, दोरा आडवा ओढून त्याच्या सारख्या लाट्या कापायच्या, सुरीने कापलं तर कडा दबतात म्हणून दोराच. एक लाटी पोळपाटावर, दोन्ही हात लाटण्यावर, आणि पाच-सहा फटक्यात गोल पातळ पापड, एवढा पातळ की पोळपाटावरची रेघ खालनं दिसायची. तो उचलून उलट्या टाकलेल्या मोठ्या टोपलीवर पसरायचा. खोली दहा बाय दहाची, संध्याकाळपर्यंत सगळ्या टोपल्या भरलेल्या, मधनं चालायला एवढीशी वाट. आम्हाला सांगून ठेवलेलं की पंखा लावायचा नाही आणि टोपलीला पाय लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी ते वाळलेले पापड शाखेत नेऊन वजन करून द्यायचे, लाटण्याची मजुरी घ्यायची, त्याला तिथे वणाई म्हणतात, आणि परत नवं पीठ घेऊन यायचं.

इथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण माझ्या भाच्याचा सगळा गैरसमज इथेच होता. वणाई वजनावर आहे. जिने जास्त लाटले तिला जास्त, जिने कमी लाटले तिला कमी. पण किलोचा दर सगळ्यांना एक, काल आलेली असो नाहीतर वीस वर्षं झालेली असो. आणि वर्षाअखेर जो नफा उरतो तो शाखेतल्या बहिणींमधे सारखा, कधी रोख, कधी सोन्याच्या रूपाने. म्हणजे मेहनतीचा हिशोब वेगळा आणि मालकीचा हिशोब वेगळा. मेहनत जेवढी तेवढी मजुरी, पण मालकीण म्हणून सगळ्या एका पायरीवर.

हे दोन हिशोब वेगळे ठेवणं किती मोठी अक्कल आहे हे मला कळलं ते एका वेगळ्याच अनुभवातनं. आमच्या सासरच्या गावाला सातारा जिल्ह्यात दहा बायकांनी मिळून बचत गट काढला होता, नाव घेत नाही, सगळ्या ओळखीच्या आहेत आणि एकही वाईट नव्हती. पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी. त्यांनी नियम केला की सगळी विक्री एका डब्यात आणि महिन्याच्या शेवटी भागिले दहा. पहिला उन्हाळा झकास गेला. मी पण सुट्टीत गेले होते तेव्हा दोन दिवस बसले त्यांच्यात. मग काय झालं की एकीला दोन लहान पोरं, ती दुपारी दोन तास यायची. दुसरी सकाळी आठला आली की संध्याकाळी दिवे लागेपर्यंत उठायची नाही, तिचा हात पण पटापट चालायचा. महिन्याच्या शेवटी दोघींना तेवढेच पैसे. पहिल्यांदा कोणी काही बोललं नाही, कारण बोलणं बरं दिसत नाही. मग एके दिवशी पटापट लाटणारी म्हणाली, माझी कंबर मोडतीये आणि वाटा तेवढाच. तेवढंच बोलली. पण त्याच्यानंतर तिने हात सावकाश केला, तिचं बघून तिसरीने केला, आणि पोरांवालीला एवढं लागलं की ती यायचीच बंद झाली. मग तास लिहून ठेवायचे ठरलं तर वहीवरनं भांडणं. दुसऱ्या दिवाळीला गट बंद, डब्यात राहिलेले पैसे वाटून घेतले आणि भागिले नऊच करावे लागले, कारण ती दहावी पैसे घ्यायला पण आली नाही.

मी तिला नंतर घरी भेटायला गेले होते. ती म्हणाली वहिनी, मला कमी दिले असते तरी चाललं असतं, पण त्या सगळ्या माझ्याकडे बघायच्या ना तसं बघितलेलं सहन होत नाही. हे वाक्य मी विसरू शकत नाही. म्हणजे सगळं सारखं वाटणं हे जिला कमी जमतं तिच्या भल्यासाठी म्हणून केलेलं, आणि सगळ्यात जास्त टोचलं ते तिलाच.

म्हणून लिज्जतची पद्धत मला जास्त माणसांना धरून वाटते. दोन तास काम करणारीला दोन तासांचे पैसे, कुणाचं ओझं नाही, मान खाली घालायचं कारण नाही, आणि तरी ती पण मालकीणच. इस्रायलमधे डेगानिया म्हणून पहिलं किबुत्झ, म्हणजे सगळ्यांनी मिळून राहायची-कसायची वस्ती, १९१० ला सुरू झालं, तिथे सगळं सामायिक होतं, जेवण एका ठिकाणी, पैसा एका ठिकाणी, कुणी गोठा सांभाळो नाहीतर हिशोब लिहो सगळ्यांना सारखंच. जवळजवळ शंभर वर्षं त्यांनी ते चालवलं आणि २००७ ला तिथल्याच लोकांनी मतदान करून कामाप्रमाणे वेगळा पगार घ्यायचं ठरवलं. शंभर वर्षं म्हणजे काही कमी नाही, त्यांना अपयशी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण दुखणं आमच्या साताऱ्याच्या गटाचं होतं तेच होतं असं मला वाटतं.

आता भाच्याचे प्रश्न, ज्यांचं उत्तर मला धड देता आलं नाही.

पहिला प्रश्न त्याने विचारला की समजा एखादी बाई खूप हुशार आहे, तिला धंद्याची नजर आहे, तिने नवीन बाजार मिळवून दिला, तर तिला काय मिळणार? उत्तर असंय की मान मिळेल, शाखेची संचालिका होईल, मध्यवर्ती समितीवर जाईल, २१ जणींची समिती आहे आणि ती बहिणींमधनंच होते, बाहेरनं एमबीए आणून बसवत नाहीत. पण तिचा वाटा त्यामुळे मोठा होणार नाही. काही बायकांना हे पुरतं, काहींना नाही पुरणार. माझी स्वतःची मुलगी बीकॉम झालीये, तिला विचारलं तू जाशील का, ती म्हणाली आई मला माझं काहीतरी करायचंय. मी तिला चूक नाही म्हणू शकत. ज्या मावशीचं मी वर सांगितलं त्यांनाही आपल्या मुलीने पापड लाटावे असं कधीच वाटलं नाही, तिला शिकवायलाच तर त्या लाटत होत्या, आणि संस्थेकडनं बहिणींच्या मुलींना शिकायला शिष्यवृत्ती असते म्हणजे संस्थेला पण ते मान्य आहे.

दुसरा प्रश्न पुरुषांचा. पुरुषांना सभासद होता येत नाही. ड्रायव्हर, हिशोबनीस, हमाल म्हणून पगारावर असतात, पण मालकीत वाटा नाही आणि मत नाही. भाचा म्हणाला मग ही कसली समानता. मी आधी चिडले. मग विचार केला तर त्याच्या बोलण्यात दम आहे. १९५९ ला हे ठरवणं बरोबरच होतं माझ्या मते, कारण घरातला एक पुरुष आत आला असता तर दोन वर्षांत सगळी सूत्रं त्याच्या हातात गेली असती आणि बायका परत मजूर झाल्या असत्या, आपल्याकडे किती महिला सरपंचांचा कारभार नवरे बघतात ते आपण बघतोच. पण तरी एवढं खरं की दाराच्या आत सगळ्या समान आहेत कारण दार कुणासाठी उघडायचं हे ठरलेलं आहे. पूर्ण समान समाज म्हटलं की असं दार ठेवता येणार नाही, सगळ्यांनाच आत घ्यावं लागेल, आणि मग हे जमेल का, मला खरंच सांगता येत नाही.

तिसरं म्हणजे निर्णय. सगळ्यांच्या सहमतीने निर्णय आणि एकीने जरी नाही म्हटलं तरी तिच्या नाहीला किंमत. ऐकायला छान आहे. पण ज्यांनी सोसायटीची वार्षिक सभा बघितलीय त्यांना माहितीये की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव पास करायला तीन वर्षं कशी जातात. एकीच्या नाहीला मान द्यायचा म्हणजे ती का नाही म्हणते ते बसून ऐकायचं, परत समजावायचं, परत ऐकायचं. वेळ जातो. बाजारात बाकीच्या कंपन्या तोवर चार नवीन फ्लेवर काढून मोकळ्या होतात. दुसऱ्या बाजूने बघितलं तर घाईने घेतलेला मोठा चुकीचा निर्णय पण होत नाही. लाटायचं मशीन आणलं असतं तर पापड स्वस्त झाला असता आणि हजारो बायकांचं काम गेलं असतं. ते काम हातालाच राहिलं. मालक कुणी एकजण असता तर हाताला राहिलं असतं का? मला नाही वाटत.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड आणि तो भाच्याने सहज विचारला होता. तो म्हणाला मावशी, तिथे शाखेत सगळ्या समान, पण त्या मावशी घरी आल्यावर स्वयंपाक कोण करायचं? मी गप्पच बसले. कारण मला डोळ्यासमोर दिसतंय, पापड लाटून झाले की त्याच पोळपाटाच्या शेजारी दुसरा पोळपाट आणि भाकऱ्या-पोळ्या. काका खाटेवर पेपर वाचत. घरून काम करायची सोय आहे म्हणून कितीतरी बायका कमावू शकल्या, ज्यांना नोकरीला बाहेर कुणी पाठवलं नसतं त्यांच्या हातात रोजचा पैसा आला, पण घरून काम म्हणजे घरचं काम सुटत नाही. दिवसभर मांडी घालून बसायचं, मान खाली, खांदे सारखे हलते, कुठल्याही पापड लाटणाऱ्या बाईला गुडघ्याचं आणि कंबरेचं विचारा. नफ्याचा समान वाटा त्या गुडघ्यांपर्यंत पोचत नाही आणि काकांच्या खाटेपर्यंत तर नाहीच.

आणि त्यातच जागेचं येतं. घरी लाटायचं तर स्वच्छ जागा लागते, पापड वाळवायला मोकळी जागा लागते, ते तपासलंही जातं आणि खाण्याचा पदार्थ म्हटल्यावर तपासलंच पाहिजे. पण जिच्या झोपडीत पाच माणसं आणि वरनं गळतं तिला हे कसं जमणार. तिला शाखेतलं मळण्याचं किंवा पॅकिंगचं काम घेता येतं, म्हणजे दार बंद नाही, पण घरात बसून पोरं सांभाळत कमवायची जी सोय आहे ती तिच्या वाट्याला येत नाही. नियम सगळ्यांना एकच असला तरी त्या नियमापर्यंत पोचायची वाट सगळ्यांची सारखी नसते. आणि नफा-तोटा शाखेशाखेचा असल्यामुळे ज्या शाखेचं बरं चाललंय तिथल्या बहिणीला आणि दूरच्या छोट्या शाखेतल्या बहिणीला वर्षाअखेर सारखंच मिळेल असं नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर मला कुणी विचारेल की मग तुझं मत काय. माझं मत असं की हे सगळे तोटे खरे आहेत आणि तरी मी या हिशोबाच्या बाजूने आहे, अगदी मनापासून. कारण मी मावशींचा चेहरा बघितलाय. चाळीत त्यांना कुणी फारसं विचारायचं नाही, शिक्षण चौथी, नवऱ्याची गिरणी संपात गेलेली. पण शाखेतल्या गोष्टी सांगताना त्या "आमच्या संस्थेत आम्ही असं ठरवलं" असं म्हणायच्या. आम्ही ठरवलं. माझे वडील तीस वर्षं एका मोठ्या ऑफिसात होते, चांगला पगार, त्यांच्या तोंडून मी हे वाक्य कधी ऐकलं नाही, ते नेहमी "साहेबांनी असं ठरवलं" म्हणायचे. सुरुवातीच्या दिवसात छगनबापांनी त्या सातजणींना म्हणे सांगितलं होतं की स्वस्तातला दुय्यम पापड काढू नका, एकच चांगला काढा आणि हिशोब चोख ठेवा. मावशी ही गोष्ट अशी सांगायच्या की जणू त्या त्या गच्चीवर होत्या. स्वतःचं असल्याशिवाय माणूस असं बोलत नाही.

एका वर्षी त्यांना वाट्याचं सोनं मिळालं होतं. आमच्या आईला दाखवायला आणलं, पदराच्या टोकाला गाठ मारून. आईने विचारलं किती दिलं बाकीच्यांना, तर मावशी म्हणाल्या सगळ्यांना एवढंच, जी पीठ मळते तिलाही एवढंच आणि आमच्या संचालिकाबाईंनाही एवढंच. सोन्यापेक्षा त्यांना ते सांगण्यात जास्त आनंद होता हे मला तेव्हा, सातवी-आठवीत असताना सुद्धा कळलं होतं.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला मावशी तू म्हणतेस ते पटतं पण माझे प्रश्न पण राहतातच. राहू देत.

घेताना एवढं बघा, पाकिटावर नाव आणि पॅकिंगची तारीख नीट वाचा, मिळत्याजुळत्या नावाचे बरेच आहेत बाजारात. आमच्या कोपऱ्यावरचा एक किराणावाला पाकिटं पोत्याखाली दाबून ठेवायचा, निम्मे पापड तुटलेले निघायचे, तेव्हापासून मी जिथे पाकिटं उभी लावलेली असतात तिथनंच घेते. पाकीट फोडलं की उरलेले पापड लगेच स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर मऊ पडतात आणि भाजताना चिवट होतात. मऊ पडलेच तर फेकू नका, तासभर उन्हात ठेवा किंवा गरम तव्यावर गॅस बंद करून पाच मिनिटं पसरा, परत कुरकुरीत भाजले जातात. आणि चुरा उरला तर त्याची भाजी करा, मारवाडी लोक दह्यात करतात तशी, फोडणीत मेथीचे चार दाणे घालून.